बोट पाण्यात सोडताना पिकअपचा मागचा ॲक्सल कसा सांभाळायचा

बोट पाण्यात सोडताना सगळ्यांचं लक्ष बोटीवर असतं. बोटीच्या तळाचा प्लग बसवला का, दोरी कुणाच्या हातात आहे, ट्रेलर वाकडा तर जात नाहीये ना, आणि या सगळ्या गडबडीत पिकअपची मागची चाकं कुठवर पाण्यात गेलीत हे कुणी बघतच नाही. बघितलं तरी हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत, तर आलंय, तेवढ्यानं काय होतंय म्हणून सोडून देतात. आणि खरंच, त्या दिवशी काहीच होत नाही, गाडी बाहेर येते, घरी जाते, कित्येक महिने झकास चालते. मग कधीतरी ठरावीक स्पीडला मागून घुंऽऽ असा आवाज यायला लागतो, आधी वाटतं टायरचा असेल, टायरची अदलाबदल करून होते, मग सायलेन्सरवर संशय, आणि शेवटी कुणीतरी डिफरेन्शियलचं, म्हणजे ॲक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या गोळ्याचं, कव्हर उघडतं तेव्हा गिअर ऑइलच्या जागी दुधाच्या कॉफीसारखं काहीतरी बाहेर येतं.

हे टाळायला फार काही लागत नाही. पण पाणी आत शिरतं कसं हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर माणूस ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची रबरी कडी, बदलत बसतो आणि पाणी आपलं येतच राहतं.

ॲक्सलच्या हाऊसिंगमध्ये तळाला ऑइल असतं आणि वरची सगळी जागा, चाकांकडं जाणारे दोन्ही बाजूचे नळ धरून, हवेनं भरलेली असते. बोट ओढत तासभर हायवेनं आलात की ऑइल तापतं, वजन जास्त असेल तर ७०-८० डिग्री सहज. आतली हवाही तापते, फुगते, आणि जास्तीची हवा ब्रीदरमधून बाहेर जाते. ब्रीदर म्हणजे हाऊसिंगच्या वरच्या अंगाला असलेलं ते बारीकसं टोपीवालं नोझल, इथंवर सगळं बरोबर चाललेलं असतं. आता हा तापलेला लोखंडी गोळा तुम्ही एकदम थंडगार पाण्यात नेऊन उभा करता. आतली हवा आक्रसते. ७० डिग्रीची हवा २० डिग्रीला आली तर तिचं आकारमान जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी होतं, समजा आत ५ लिटर हवा होती तर पाऊण लिटरच्या आसपास काहीतरी बाहेरून आत यावंच लागतं. ब्रीदर हवेत असेल तर हवा येते, पाण्याखाली असेल तर पाणी. दोन-चार मिनिटांत अख्खा ॲक्सल गार होत नाही हे मान्य, म्हणून दरवेळी पाऊण लिटर आत जात नाही, पण दरवेळी थोडं थोडं जातं आणि गेलेलं पाणी आपणहून काही बाहेर निघत नाही.

अजून एक मेख आहे. बऱ्याच गाड्यांना कंपनीकडून येणारा ब्रीदर एकाच दिशेनं चालतो, म्हणजे आतला दाब बाहेर सोडतो आणि बाहेरचं काही आत येऊ देत नाही. ऐकायला छान वाटतं. पण ॲक्सल गार होताना तोच ब्रीदर दार लावून बसतो, आत व्हॅक्यूम तयार होतो, आणि मग ती ओढ येते ऑइल सीलवर. १५ टक्के दाब कमी झाला तर तो फरक होतो दीड मीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा, म्हणजे गाडी दीड फूट पाण्यात उभी असली तरी सीलला वाटणार आपण पुरुषभर खोल पाण्यात आहोत. आणि ऑइल सीलची ओठाची कड बसवलेली असते आतलं ऑइल आत ठेवायला, बाहेरचं पाणी अडवायचं काम तिला कुणी दिलेलंच नसतं, धूळ अडवायला बाहेरून दुसरी बारीक कड असते तेवढीच. त्यामुळं सील नवीन असला तरी पाणी चोरपावलानं आत येतं.

सगळी भानगड एवढीच आहे की ॲक्सलला श्वास घ्यायला जागा पाहिजे आणि ती जागा कोरडी पाहिजे. बाकी जे काही करायचं ते याच्याच अवतीभवती.

पाणी आत गेल्यावर काय होतं तेही सांगून टाकतो. पाणी ऑइलपेक्षा जड, गाडी उभी असताना तळाशी जाऊन बसतं, गाडी चालली की क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली मुख्य गिअरची जोडी, ते घुसळून काढतं. हायपॉइड प्रकारच्या या गिअरचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, फिरता फिरता घसरतात, त्यामुळं मधे ऑइलचा थर शाबूत असणं फार महत्त्वाचं, पाण्यानं तोच थर तुटतो. आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की ऑइलच्या वर राहिलेल्या भागांवर गंजाचे ठिपके पडतात. बेअरिंगच्या रोलरवर एक बारीक ठिपका पडला तरी पुढं तिथूनच खड्डा पडत जातो. बहुतेकदा आधी आवाज करतं ते पिनियनचं बेअरिंग. खाऱ्या पाण्यात हेच सगळं आणखी वेगानं.

आता फुकटात होणारी कामं आधी.

सपाट जागेवर गाडी उभी करा आणि टेप घेऊन खाली वाका. जमिनीपासून डिफरेन्शियलच्या पोटापर्यंत किती, ॲक्सलच्या नळाच्या खालच्या बाजूपर्यंत किती, आणि ब्रीदरपर्यंत किती, हे तीन आकडे लिहून ठेवा. उदाहरणार्थ २६५/७० आर १७ टायर असेल तर त्याचा व्यास साधारण ८० सेंटीमीटर येतो, वजनानं टायर थोडा दबतो म्हणून ॲक्सलचा मध्य जमिनीपासून ३८ च्या आसपास. डिफरेन्शियलचं पोट त्याच्याही बरंच खाली, २०-२५ सेंटीमीटरवर. आणि ब्रीदर नळाच्या वर असेल तर ४५ वगैरे. म्हणजे लोक जे म्हणतात हबपर्यंत पाणी चालतं, तेव्हा डिफरेन्शियल अर्ध्याहून जास्त बुडालेलं असतं आणि ब्रीदर पाण्यापासून चार बोटांवर असतो, त्यात शेजारून एखादी बोट जोरात गेली आणि लाट आली की संपलं.

सोपी खूण म्हणजे रिमची खालची कड. १७ इंची रिम असेल तर ती कड जमिनीपासून साधारण १५ सेंटीमीटरवर येते, पाणी तिथं टेकलं की थांबायचं, ॲक्सल पूर्ण कोरडा राहतो. ड्रायव्हरला हे आरशात नीट दिसत नाही, मागच्या कॅमेऱ्यात तर अजिबातच नाही, म्हणून बाजूला उभ्या असलेल्या माणसाला सांगून ठेवायचं की तू बोट बघू नकोस, फक्त मागचं चाक बघ आणि रिमला पाणी लागलं की ओरड. खेकसून सांगावं लागतं कारण सगळे शेवटी बोटच बघतात.

आता प्रश्न येतो की रिमपाशी थांबलं तर बोट तरंगतच नाही. इथं ट्रेलरची लांबी कामाला येते. बोटीच्या रॅम्पचा, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्याचा, उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो, म्हणजे १५ टक्क्यांच्या रॅम्पवर प्रत्येक मीटर मागं गेलं की पाणी १५ सेंटीमीटरनं खोल. उलट हिशोब लावा, ट्रेलरचा दांडा एक मीटरनं लांब केला तर बोट तेवढीच खोल जाते आणि गाडी १५ सेंटीमीटर कोरड्यात राहते. दीड मीटर लांब केला तर २२ सेंटीमीटर. हा फरक लहान वाटतो पण डिफरेन्शियल बुडणं आणि न बुडणं यात एवढाच तर फरक असतो.

दांडा लांब करायचे प्रकार दोन. एक म्हणजे ट्रेलरच्याच दांड्यात आतून सरकणारा पाइप, रॅम्पवर पिन काढून बाहेर ओढायचा, पिन परत लावायची, काम झालं की आत. हा चांगला. दुसरा म्हणजे गाडीच्या हिचमध्ये, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जोडणीत, घालायचा एक्स्टेन्शन, तो मला फारसा आवडत नाही, कारण लांबी वाढली की त्याच वजनाचा ताण हिचवर जास्त येतो आणि हिचची क्षमता कमी धरावी लागते, वापरायचाच असेल तर क्षमतेचा आकडा बघून आणि फक्त रॅम्पवर, रस्त्यावर नाही. हलकी बोट असेल तर ट्रेलर गाडीपासून सोडून, पुढं जॉकी चाक (दांड्याखालचं छोटं चाक) लावून, मजबूत पट्ट्यानं पाण्यात उतरवता येतो, पण पट्टा ट्रेलरच्या वजनाला पुरेल असा आणि मधे कुणीही उभं राहायचं नाही, पट्टा तुटला तर काय होतं ते कुणाला बघायला लागू नये.

ट्रेलर कसला आहे यानंही फरक पडतो. रोलरवाल्या ट्रेलरवरून बोट कमी पाण्यातही ढकलता येते, कार्पेट लावलेल्या लाकडी पट्ट्यांचा ट्रेलर असेल तर जरा जास्त खोल न्यावा लागतो, तिथं पट्ट्या आधी भिजवून घ्यायच्या, ओल्या पट्टीवर बोट सटकन सरकते. याचसाठी बोट पाण्यात जाईपर्यंत विंचचा (बोट ट्रेलरला ओढून धरणाऱ्या चरखीचा) हुक सोडायचा नाही, घाईत वरच सोडला तर बोट काँक्रीटवर. समुद्र किंवा खाडी असेल तर भरतीची वेळ बघा. भरतीला पाणी रॅम्पच्या वरच्या, तुलनेनं स्वच्छ भागात असतं, ओहोटीला तुमची चाकं नेमकी शेवाळ धरलेल्या भागावर येतात.

थांबून ॲक्सल गार करणं हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबर आहे, फक्त त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. वर पार्किंगमध्ये पट्टे सोडणं, सामान भरणं, प्लग लावणं हे सगळं १५-२० मिनिटं चालतंच, ते रॅम्पवर न करता वर करा म्हणजे मागच्या लोकांच्या शिव्याही वाचतात आणि ॲक्सलही थोडा निवतो. पण एवढं जाड बिडाचं हाऊसिंग आणि आत दोन-तीन लिटर ऑइल, ते अर्ध्या तासातसुद्धा पूर्ण गार होत नाही. हात लावून बघा, चटका बसत असेल तर अजून थांबा, कोमट असेल तर चालेल.

आता खरं काम, ब्रीदर वर नेणं. एका दुपारचं काम आहे आणि मला विचाराल तर बोट ओढणाऱ्या प्रत्येक पिकअपला हे पहिल्या आठवड्यात करून टाकावं.

आधी ब्रीदर शोधा. सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असेल तर तो नळाच्या वर किंवा डिफरेन्शियलच्या गोळ्याच्या वर असतो, बहुतेक वेळा चिखलानं इतका माखलेला की बोल्टच वाटतो. काही गाड्यांत तो खरोखर बोल्टसारखाच असतो आणि ब्रेक पाइपचा जॉइंटही त्यानंच धरलेला असतो, अशा वेळी तो काढून टाकून मोकळं होता येत नाही, तसाच पण पाइप जोडता येईल असा फिटिंग घ्यावा लागतो. काही गाड्यांना कंपनीनंच रबरी पाइप देऊन तो चासीपर्यंत नेलेला असतो, तसं असेल तर तुमचं अर्ध काम झालंय, पाइपचं वरचं टोक कुठं आहे, तडकलाय का, मातीनं बुजलाय का एवढं बघा. मागं इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल तर डिफरेन्शियल चासीलाच टांगलेलं असतं, ब्रीदर तिथंच वर कुठंतरी, आणि तुम्हाला ब्रीदरइतकंच लक्ष ड्राइव्हशाफ्टच्या रबरी बूटांवर ठेवायला लागेल, त्यात चीर पडली असेल तर पाणी तिथून जातं.

काढायच्या आधी आजूबाजूची जागा तारेच्या ब्रशनं घासून, फुंकून स्वच्छ करा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग ब्रीदर निघाल्या निघाल्या ढेकूळभर माती भोकातून आत पडते, पाणी जायच्या आधी मातीच गेली. गंजलेला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. पाना नीट बसवून हळू फिरवा, तुटला तर डोक्याला ताप. काही ब्रीदर आट्यांचे नसतात, नुसते ठोकून बसवलेले असतात, ते पकडीनं फिरवत फिरवत वर ओढायचे.

जुना ब्रीदर खिशात घालून फिटिंग आणायला जा. आट्यांचं माप गाडीगणिक वेगळं, अमेरिकन ॲक्सलमध्ये बऱ्याचदा १/८ इंच एनपीटी (निमुळत्या आट्यांचं अमेरिकन माप), जपानी गाड्यांत मेट्रिक, म्हणून अंदाजानं आणू नका, जुन्याशी ताडून घ्या. जो घ्याल त्याला वर पाइप लावायची नळी हवी. आट्यांना पातळ लिक्विड सीलंट लावा, पांढरी टेप शक्यतो नको, तिचे तुकडे आत पडतात. आणि कचकचून आवळायचं नाही, निमुळत्या आट्या असतील तर बिडाला तडा जातो.

पाइप ८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, तेल आणि पेट्रोलला टिकणारा रबरी पाइप घ्या, तोच जो फ्युएल लाइनला वापरतात. पारदर्शक प्लॅस्टिकचा स्वस्त पाइप उन्हानं कडक होतो आणि वळणावर चिमटतो, आणि चिमटलेला ब्रीदर म्हणजे ब्रीदर नसल्यासारखाच. लांबी मोजताना गाडी चाकांवर उभी असताना मोजली तर फसाल, कारण ॲक्सल खाली लटकला की पाइपला ओढ बसते. चासीखाली जॅक लावून मागचा भाग उचला, स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही, मग ॲक्सल पूर्ण लटकू द्या आणि तेव्हाची लांबी घ्या, वर अजून वीतभर सैल. पाइप ब्रेकच्या लवचिक पाइपच्या बाजूनं वर न्या, पण ब्रेकच्या पाइपला घट्ट बांधू नका, घासून घासून तोच फाटायचा. सायलेन्सरपासून लांब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाइप खालून वर चढतच गेला पाहिजे, मधे कुठं झोळ पडला तर तिथं ऑइल आणि ओल साचून बूच तयार होतं.

वरचं टोक कुठं न्यायचं यावर लोक सरसकट सांगतात टेललाइटच्या मागच्या पोकळीत. ऑफरोडवाल्यांसाठी ते ठीक आहे, जागा कोरडी असते आणि पाइप सहज जातो. पण रॅम्पवर गाडीचं शेपूटच सगळ्यात खाली असतं हे विसरू नका. टेललाइट ॲक्सलच्या सव्वा मीटर मागं असेल तर १५ टक्के उतारावर ती जागा सपाट जमिनीच्या हिशोबापेक्षा १८-१९ सेंटीमीटर पाण्याच्या जवळ जाते. तरी पाण्याच्या वरच राहील म्हणा, पण पाइप न्यायचाच आहे तर तो पुढच्या दिशेनं, हौदाच्या पुढच्या भिंतीपाशी केबिनच्या मागं का नेऊ नये, तिथं उतारावरसुद्धा उंची वाढतच जाते. मी तरी पुढंच नेईन. पाइप थोडा जास्त लागतो, एवढंच.

टोकाला काय लावायचं, तर मोकळेपणानं दोन्ही बाजूंनी श्वास घेईल असं काहीतरी, पितळी जाळीचा बारीक ब्रीदर किंवा साधा छोटा इनलाइन फ्युएल फिल्टर, तोंड खाली करून. जुना एकतर्फी ब्रीदर परत टोकाला लावून ठेवू नका, तसं केलं तर पाइप वर नेऊनही व्हॅक्यूमचा प्रश्न तिथंच राहिला. झाल्यावर तपासणी अशी करायची की फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) उघडा ठेवून पाइपच्या वरच्या टोकातून तोंडानं फुंकायचं, फिलरच्या भोकाशी दुसऱ्याला हवा लागली की रस्ता मोकळा आहे. कॉम्प्रेसर लावून फुंकायचं नाही, सील जागेवरून हलतील.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या ॲक्सलला, ट्रान्सफर केसला आणि गिअरबॉक्सलाही ब्रीदर असतात, पण बोटीच्या कामात पाण्यात जातो तो मागचाच, बाकीचे नंतर सवडीनं करा.

एक आडून फायदाही आहे. ज्यांच्या गाडीत मागच्या ड्रमात सारखं ऑइल येतं, सील बदलला तरी चार महिन्यांत परत येतं, त्यांनी सील तिसऱ्यांदा बदलायच्या आधी ब्रीदर बघावा. बुजलेला ब्रीदर म्हणजे गरम झाल्यावर दाबाला बाहेर पडायला जागा नाही, मग तो सीलमधूनच ऑइल ढकलतो आणि ब्रेकचे लायनर तेलकट करून टाकतो.

ऑइल कधी बघायचं? ॲक्सल पाण्यात बुडाला असं वाटलं की लगेच, आणि एरवी सीझनमध्ये मधूनमधून. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ॲक्सल पाण्यात बुडाला तर ऑइल तपासा किंवा बदला, ठरलेल्या किलोमीटरची वाट बघू नका. तपासायची पद्धत अशी की गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा, सकाळी हलवायच्या आधी ड्रेन प्लग अगदी थोडा ढिला करा आणि खाली पारदर्शक बाटली धरून पहिले दोन-चार घोट त्यात घ्या. पाणी तळाला बसलेलं असेल तर ऑइलच्या आधी तेच येतं. ऑइल मधासारखं किंवा काळपट पण पारदर्शक दिसलं तर ठीक, ढगाळ, राखाडी किंवा दुधाळ दिसलं तर बदलायचं, थोडंच आहे वगैरे विचार करायचा नाही. ड्रेन प्लग नसेल, खूप गाड्यांना नसतो, तर फिलरच्या भोकातून बारीक पाइप तळापर्यंत घालून सिरिंजनं थोडं ऑइल ओढून बघा.

बदलताना फिलर प्लग आधी उघडा आणि मगच खालचा. फिलर गंजून अडकला असेल आणि तुम्ही आधी खालून सगळं ऑइल सोडून दिलं तर गाडी जागची हलवता येणार नाही. प्लगच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट असणं नॉर्मल आहे, चकाकणारे कण किंवा दाताचा तुकडा असेल तर मात्र मेकॅनिक गाठा. दुधाळ ऑइल निघालं असेल तर एकदा बदलून भागत नाही, नळांमध्ये आणि बेअरिंगच्या फटीत बरंच राहतं. शक्य असेल तर कव्हर काढून आत पुसून घ्या, नसेल तर साधं पण योग्य ग्रेडचं ऑइल भरून थोडी गाडी चालवा, गरम असतानाच काढा आणि मग चांगलं भरा. बहुतेक पिकअपना जीएल-५ दर्जाच्या गिअर ऑइलमधलं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० चालतं, जास्त वजन ओढणाऱ्यांना कंपनी कधीकधी ८५डब्ल्यू-१४० सुद्धा सांगते, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे तेच खरं. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तर दुसऱ्याला जोर देणारं डिफरेन्शियल) असेल तर त्याचं ॲडिटिव्ह लागतं का ते बघा, विसरलात तर वळणावर मागून करकर, थरथर येते आणि माणूस उगाच घाबरतो. लेव्हल बहुतेक ॲक्सलमध्ये फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. काढलेलं ऑइल गटारात किंवा पाण्यात नाही, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्यांकडं.

पाण्याव्यतिरिक्त रॅम्पवर ॲक्सल मोडायचा अजून एक हमखास मार्ग आहे आणि तो म्हणजे बोट ट्रेलरवर घेऊन वर येतानाचा हिसका. चाक शेवाळावर गरगर फिरतं, ड्रायव्हर अजून रेस देतो, आणि तेच फिरतं चाक अचानक कोरड्या काँक्रीटला लागतं आणि पकडतं. त्या क्षणी सगळा झटका हाफ शाफ्ट, पिनियन आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) येतो. चाक फिरायला लागलं की पाय उचला, थांबा, फोर व्हील लो टाकून परत अगदी हळू सुरू करा. निसरड्यावर पार्ट टाइम फोर व्हील वापरायला काही हरकत नाही, वर कोरड्यात सरळ आलात की काढून टाका. दुसरी गोष्ट, रॅम्पचं काँक्रीट कुठं संपतं ते माहीत असू द्या. बोट इंजिनाच्या जोरावर ट्रेलरवर चढवणारे लोक असतात ना, त्यांच्या पंख्याच्या झोतानं काँक्रीटच्या टोकाशी खड्डा पडलेला असतो, ट्रेलरची चाकं त्यात उतरली की वर ओढताना ती कडेला अडकतात आणि मग तोच हिसका, तोच ॲक्सल. अडकलं तर जोर करू नका, बोट परत तरंगवून वजन कमी करा आणि ट्रेलर थोडा वाकडा करून एकेक चाक चढवा.

उतारावर उभं राहताना आधी हँडब्रेक, मग गिअर किंवा पी, आणि पुढच्या चाकांच्या मागं ठोकळे. ठोकळा लावायचा कंटाळा करणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. इंजिन मात्र चालू ठेवलेलं बरं, सायलेन्सरचं तोंड पाण्याखाली गेलं असेल आणि इंजिन बंद केलं तर पाणी पाइपात वर चढायला मोकळं.

घरी आल्यावर धुणं. गोड्या पाण्यात गेला असाल तर गाळ निघण्यापुरतं, खाऱ्यात गेला असाल तर त्याच दिवशी आणि निवांत. साध्या पाइपनं खालून भरपूर पाणी मारा, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधल्या फटी, यू बोल्ट, शॉकअपच्या खालचे बुश, ब्रेकच्या लोखंडी पाइपच्या क्लिपा, एबीएसच्या सेन्सरची वायर, स्टेपनीची साखळी, ड्रमच्या मागच्या प्लेटची भोकं. प्रेशर वॉशर असेल तर सील आणि ब्रीदरवर जवळून धार धरू नका, जे पाणी रॅम्पवर आत गेलं नाही ते तुम्ही घरी घालाल. क्रॉसला ग्रीसचे निपल असतील तर नवीन ग्रीस दिसेपर्यंत मारा, जुन्याबरोबर पाणी बाहेर येतं. वाळल्यावर लॅनोलिनवाला स्प्रे हाऊसिंगवर आणि यू बोल्टवर मारला तर गंज बराच लांबतो, फक्त डिस्क आणि लायनरवर उडू देऊ नका. मग एक चक्कर मारून ब्रेक हलके दाबत दाबत वाळवा, आणि रात्री शक्य असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये, ठोकळा लावून उभी करा, ओल्या ड्रमात लायनर चिकटून बसतात आणि सकाळी गाडी हलतच नाही.

ट्रेलरच्या हबचीही हीच गत असते, गरम बेअरिंग थंड पाण्यात आणि आत व्हॅक्यूम, फरक इतकाच की तिथं ब्रीदर वर नेता येत नाही. त्यावर उपाय म्हणून स्प्रिंगवाल्या टोप्या मिळतात, बेअरिंग बडी हे त्यातलं जुनं नाव, त्या आतल्या ग्रीसवर कायम ३ पीएसआयच्या आसपास दाब ठेवतात म्हणजे गार झाल्यावरही आत ओढ तयार होत नाही. ग्रीस भरताना टोपीतली तबकडी थोडी बाहेर आली की थांबायचं, अजून अजून भरत राहिलात तर मागचा सील फुटतो आणि सगळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला.